फिरते न्यूट्रॉन तारे आणि त्यांच्या सतत गुरुत्वीय लहरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाश किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींचा, विषय निघाला की बहुतेक प्रश्न कृष्णविवरांच्या टकरींवर येतात. त्या टकरी आता शेकड्यांनी नोंदल्या गेल्या आहेत. मला मात्र जास्त ओढ आहे ती अजून एकदाही न सापडलेल्या लहरींची. त्यांचा शोध वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि हाती काही न लागताही त्यातून न्यूट्रॉन ताऱ्यांबद्दल, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरणाऱ्या अतिघन गाभ्यांबद्दल, पुष्कळ कळलं आहे. या शोधाबद्दल विद्यार्थी, शिक्षक आणि आकाशप्रेमी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

सतत गुरुत्वीय लहरी म्हणजे काय? २०१५ मध्ये सापडल्या त्या याच का?

जात एकच, तऱ्हा वेगळी. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या लायगो वेधशाळांनी पकडलेली लहर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना निघाली होती. ती सेकंदाच्या पाचव्या भागात संपली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर नोंदली गेली, तिची लहर शंभरेक सेकंद टिकली. दोन्ही वेळा काहीतरी कायमचं संपत होतं आणि लहर हा त्या शेवटाचा आवाज होता.

सतत लहरींच्या मुळाशी असा कुठलाही शेवट नाही. एकटा न्यूट्रॉन तारा आपल्या आसाभोवती फिरत राहतो आणि फिरता फिरता अगदी मंद लहर सोडत राहतो. ती कालही होती, आज आहे, आपली वेधशाळा बंद असतानाही पृथ्वीतून आरपार जाते आहे. तिची वारंवारता जवळजवळ एकच असते, वर्षानुवर्षं.

न्यूट्रॉन तारा फिरतो म्हणजे लहर निघणारच ना?

नाही, आणि नेमका इथेच बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. अगदी गुळगुळीत, आसाभोवती सगळीकडून सारखा असलेला गोल कितीही वेगाने फिरवला तरी त्यातून गुरुत्वीय लहर निघत नाही. फिरल्यामुळे तो विषुववृत्तावर फुगतो, पण तो फुगवटासुद्धा सगळ्या बाजूंनी सारखा असतो, म्हणून तोही उपयोगाचा नाही. लहर निघायला वस्तुमानाची वाटणी आसाभोवती असमान हवी. म्हणजे एका बाजूला (आणि बहुधा तिच्या समोरच्या बाजूला) थोडासा उंचवटा हवा. संशोधक त्याला सरळ डोंगर म्हणतात.

असा लांबट तारा अर्धी फेरी मारली की पुन्हा पहिल्यासारखाच दिसतो. त्यामुळे लहरीची वारंवारता फिरण्याच्या वारंवारतेच्या दुप्पट असते. सेकंदाला ३० फेऱ्या मारणाऱ्या ताऱ्याची लहर ६० हर्ट्झच्या आसपास शोधायची. ताऱ्याच्या पोटातल्या द्रवात आर-मोड नावाचे प्रवाह उसळत असतील तर लहर फिरण्याच्या साधारण चार तृतीयांश पटीवर येईल. म्हणजे कोणत्या पटीवर लहर सापडते, यावरूनच ती कशामुळे निघाली याचा पहिला अंदाज बांधता येईल.

हा डोंगर किती उंच असतो?

न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या दहा-बारा किलोमीटर, म्हणजे अख्खा तारा पुणे शहराच्या विस्तारात मावेल. वस्तुमान मात्र सूर्यापेक्षा जास्त. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या शंभर अब्जपटीहून अधिक असतं आणि ते प्रत्येक उंचवटा दाबून सपाट करायला बघतं. त्याला तोंड देते ती ताऱ्याची किलोमीटरभर जाडीची कवच. ही कवच पोलादापेक्षा कित्येक पटींनी मजबूत असावी असं २००९ मधल्या संगणकी अभ्यासांतून पुढे आलं, तेव्हा या क्षेत्रात मोठा हुरूप आला होता.

असमानता मोजायला दीर्घवृत्तता ही संख्या वापरतात. ती दशलक्षात एक असेल तर डोंगराची उंची साधारण एक सेंटीमीटर. नेहमीच्या कवचाला याहून फार मोठा डोंगर पेलवणार नाही, असं बहुतेक हिशेब सांगतात. पोटात काही वेगळंच द्रव्य असेल, उदाहरणार्थ मोकळ्या क्वार्कांचं, तर मर्यादा बरीच वर जाऊ शकते. डोंगर तयार होण्याची कारणंही वेगवेगळी असू शकतात: जन्माच्या वेळी गोठून राहिलेला ओबडधोबडपणा, ताऱ्याला आतून ताणणारं चुंबकीय क्षेत्र, किंवा जोडीदार ताऱ्याकडून येऊन एका भागावर साचणारं द्रव्य.

आपल्यापर्यंत पोहोचणारी लहर किती दुबळी असते?

सेंटीमीटरभर डोंगर असलेला तारा ३,२६० प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याची लहर १०० हर्ट्झची आहे असं धरा. एकावर सव्वीस शून्यं देऊन आलेल्या संख्येने एकाला भागलं की जो आकडा येतो, तेवढ्या प्रमाणात ती लहर अवकाश ताणते. लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या बाहूत (लेझर जिच्यातून आरशांपर्यंत जातो ती नळी) त्यामुळे पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या चार कोटीव्या भागाएवढा. २०१५ ची लहर शिगेला असताना याहून सुमारे एक लाख पट जोरदार होती.

मग ती सापडण्याची आशाच कशी धरायची?

कारण ती थांबत नाही. झोपाळ्याला बरोबर तालावर बोटाने हलका धक्का देत राहिलं तर थोड्या वेळाने तो चांगला उंच जातो, पण ताल चुकवून दिलेले धक्के एकमेकांना मारतात. इथेही तेच. लहरीचा ताल अचूक माहीत असेल तर महिन्यामहिन्यांची नोंद त्या तालात बेरजेला लावता येते. लहर साचत जाते आणि उपकरणाचा गोंगाट बेतालच असल्यामुळे तेवढ्या वेगाने साचत नाही.

फायदा निरीक्षणाच्या काळाच्या वर्गमुळाच्या पटीत मिळतो. वर्षात तीन कोटींहून अधिक सेकंद असतात, त्यांचं वर्गमूळ सुमारे ५,६००. एका सेकंदात जी लहर गोंगाटात पार बुडालेली असते तिला वर्षभराची नोंद एवढं बळ देते. सेंटीमीटरभर डोंगर आजच्या लायगोच्या आवाक्यात येतो तो या एका गोष्टीमुळे.

वारंवारता जवळजवळ स्थिर आहे ना? मग साधा फूरिये आलेख (कुठल्या वारंवारतेवर किती जोर आहे ते दाखवणारा) काढला की शिखर दिसायला हवं. अडचण कुठे आहे?

अडचण आपल्या पायाखाली आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते. हा प्रकाशाच्या वेगाचा दहाहजारावा भाग. त्यामुळे १०० हर्ट्झची लहर वर्षातले काही महिने १००.०१ पर्यंत चढते आणि काही महिने ९९.९९ पर्यंत उतरते. ०.०१ हर्ट्झ ऐकायला नगण्य वाटतं. पण वर्षभराच्या नोंदीत एका हर्ट्झचा तीन कोटीवा भाग वेगळा ओळखता येतो, म्हणजे आलेखाचे कप्पे तितके बारीक असतात. त्या हिशेबाने एकाच ताऱ्याची लहर सहा लाखांहून अधिक कप्प्यांत विखुरते. शिखर उरतच नाही, नुसता धुरळा.

यावर पृथ्वीचं स्वतःभोवतीचं फिरणं आहे. वेधशाळेचे बाहूही पृथ्वीबरोबर वळतात, त्यामुळे दर २३ तास ५६ मिनिटांनी त्याच ताऱ्याची लहर कमीजास्त जोरात नोंदली जाते. तारा हळूहळू मंदावतो ते निराळंच. तो जोडतारा असेल तर त्याच्या कक्षेतला हेलकावाही जमेला धरायचा.

हे सगळं उलटवता येतं, पण त्यासाठी तारा आकाशात नेमका कुठे आहे हे माहीत हवं, कारण प्रत्येक दिशेसाठी चढउताराचा नमुना वेगळा असतो. हाच त्रास पुढे वरदान ठरतो. वर्षभरात पृथ्वी तीस कोटी किलोमीटर रुंदीच्या कक्षेतून फिरून येते, म्हणून १०० हर्ट्झची लहर एका वेधशाळेनेही पूर्णचंद्राच्या रुंदीच्या साधारण हजाराव्या भागाइतक्या अचूकतेने आकाशात बसवता येते. टकरींच्या लहरी शोधताना यासाठी पृथ्वीवर दूरदूर पसरलेल्या तीन-चार वेधशाळा लागतात. सतत लहरींचं हे अंग मला सर्वांत सुंदर वाटतं.

शोध घेतात तरी कसा? एकच पद्धत आहे का?

काय माहीत आहे आणि काय नाही, यावर पद्धत ठरते.

रेडिओ किंवा क्ष-किरण दुर्बिणींनी आधीच टिपलेला स्पंदक, म्हणजे ज्याचा झोत दर फेरीला आपल्यावरून जातो असा न्यूट्रॉन तारा, असेल तर सगळंच माहीत असतं: जागा, वेग, मंदावण्याचा दर. मग एकाच तालावर पूर्ण नोंद तपासायची. संगणकाला हे काम हलकं जातं आणि सर्वांत दुबळी लहरही याच मार्गाने हाती लागू शकते.

जागा माहीत पण वेग माहीत नाही, हा दुसरा प्रकार. शर्मिष्ठा तारकासमूहात कॅसिओपिया ए हा सुमारे साडेतीनशे वर्षांचा सुपरनोव्हाचा, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाचा, अवशेष आहे. त्याच्या मध्यावरचा न्यूट्रॉन तारा १९९९ मध्ये चंद्रा दुर्बिणीच्या पहिल्याच चित्रात दिसला. हो, तीच सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाची दुर्बीण. या ताऱ्याची स्पंदनं मात्र दिसत नाहीत, म्हणून सगळ्या शक्य वारंवारता एकेक करून चाळाव्या लागतात.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: काहीच माहीत नाही, अख्खं आकाश धुंडाळायचं. आपल्या आकाशगंगेत दहा कोटी किंवा त्याहून जास्त न्यूट्रॉन तारे असावेत. आपल्याला माहीत असलेले स्पंदक आहेत फक्त काही हजार. बाकीच्यांचा झोत आपल्या दिशेने येत नाही किंवा ते विझून गेले आहेत. पण डोंगर असेल तर त्यांचीही लहर आपल्यापर्यंत येत असणार. इथे आकाशाचे अब्जावधी ठिपके, प्रत्येक ठिपक्यासाठी कोट्यवधी वारंवारता आणि वर मंदावण्याचे दर, एवढं सगळं तपासायचं. वर्षभराची नोंद एका तालात लावून हे करणं आजच्या कुठल्याच संगणकाला झेपणारं नाही.

म्हणून तडजोड करतात. नोंदीचे काही तासांचे किंवा दिवसांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्यापुरता ताल जपतात आणि मग तुकड्यांची फक्त शक्ती बेरजेला घेतात. हफ रूपांतर, पॉवरफ्लक्स अशी या पद्धतींची नावं वाचनात येतील. किंमत अशी मोजावी लागते की तुकडे तेवढ्याच लांबीचे ठेवले तर दुप्पट दुबळी लहर पकडायला सोळापट नोंद लागते. पूर्ण तालात चौपट पुरली असती.

"स्पिन-डाऊन मर्यादा ओलांडली" असं बातम्यांत येतं. त्याचा अर्थ काय?

वृषभ राशीतला खेकडा तेजोमेघ घेऊ. इसवी सन १०५४ मध्ये चिनी ज्योतिषांनी तिथे भरदिवसा दिसणारा "पाहुणा तारा" नोंदवला होता. त्या स्फोटातून उरलेला स्पंदक सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला जवळपास ३० फेऱ्या मारतो. त्याच्या एका फेरीला लागणारा वेळ रोज सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी वाढतो. हा आकडा किरकोळ वाटेल, पण एवढ्या मंदावण्यातून जी ऊर्जा सुटते ती सूर्याच्या तेजाच्या लाखपटीच्या घरात आहे.

ही ऊर्जा जाते कुठे? बरीचशी चुंबकीय क्षेत्रामार्फत आणि कणांच्या वाऱ्यामार्फत, हे तेजोमेघाच्या उजळपणातून दिसतंच. पण क्षणभर धरून चला की ती सगळीच्या सगळी गुरुत्वीय लहरींत जाते. तशी लहर जेवढी जोरदार असेल, ती स्पिन-डाऊन मर्यादा. वेधशाळेला तेवढ्या जोराची लहर दिसू शकत असेल आणि तरी दिसली नाही, तर निष्कर्ष पक्का: लहरींचा वाटा शंभर टक्के नाही.

खेकड्याच्या बाबतीत लायगोने ही मर्यादा २००८ मध्ये ओलांडली आणि लहरींचा वाटा काही टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही हे सांगितलं. एप्रिल २०१९ ते मार्च २०२० या तिसऱ्या निरीक्षणसत्राच्या नोंदीतून पकड आणखी घट्ट झाली. आता लहरीचा जोर त्या मर्यादेच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे हे माहीत आहे. ऊर्जा जोराच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून ऊर्जेतला वाटा दहाहजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याखाली. साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याच्या पोटातला हिशेब एवढ्या बारकाईने मांडता येतो.

व्हेला स्पंदकासाठी अशी मर्यादा २०११ मध्ये इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेच्या नोंदीतून ओलांडली गेली. तो सेकंदाला अकराच फेऱ्या मारतो, म्हणून त्याची लहर २२ हर्ट्झच्या आसपास, जिथे जमिनीची थरथर खूप असते. याहून सावकाश फिरणारे बहुसंख्य स्पंदक सध्याच्या वेधशाळांच्या कक्षेबाहेरच आहेत.

अजून एकही लहर सापडली नाही. मग इतक्या वर्षांचं काम वाया नाही का गेलं?

मुळीच नाही. हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा मी हेच उदाहरण देतो.

जे०४३७-४७१५ नावाचा स्पंदक सुमारे ५१० प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला जवळपास १७४ फेऱ्या मारतो. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या चौथ्या सत्राच्या पहिल्या भागातली नोंद तपासल्यावर त्याची दीर्घवृत्तता एक अब्जात नऊपेक्षा जास्त नाही असं निघालं. उंचीत सांगायचं तर वीसपंचवीस किलोमीटर रुंदीच्या त्या गोळ्यावरचा डोंगर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. ही काही "न सापडल्याची" नोंद नव्हे. हे मोजमाप आहे आणि ते दुसऱ्या कुठल्याच दुर्बिणीला जमणारं नाही.

याच तपासणीत ४५ स्पंदक पाहिले गेले आणि त्यांतल्या २९ जणांबाबत स्पिन-डाऊन मर्यादा ओलांडली गेली. त्याआधीच्या सत्रात २३६ पैकी २३ जणांबाबत ते साधलं होतं. म्हणजे मर्यादेच्या आत शिरलेल्या ताऱ्यांची यादी वाढते आहे.

आशेला आणखी एक आधार आहे. २०१८ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की मिलिसेकंद स्पंदकांच्या (सेकंदाला शेकडो फेऱ्या मारणाऱ्या स्पंदकांच्या) मंदावण्याच्या नोंदी एकत्र मांडल्या तर एका ठराविक रेषेखाली एकही तारा सापडत नाही. प्रत्येक ताऱ्यात किमान एक अब्जात एक एवढी दीर्घवृत्तता असेल तर ही रिकामी जागा समजते. हे खरं असेल तर जे०४३७-४७१५ साठी आपण त्या तळापासून साधारण नऊपटच दूर आहोत.

सर्वांत आधी कुठला तारा सापडेल?

पैज लावायची तर बरेच जण वृश्चिक राशीतल्या स्को एक्स-१ चं नाव घेतील. सूर्यमालेबाहेरचा क्ष-किरणांत सतत सर्वांत तेजस्वी दिसणारा हा स्रोत १९६२ मध्ये सापडला. सुमारे नऊ हजार प्रकाशवर्षांवरचा एक न्यूट्रॉन तारा आपल्या जोडीदाराचं द्रव्य ओढून घेतो आहे आणि १८.९ तासांत त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो.

ओढलेलं द्रव्य ताऱ्याला फिरकी देतं, म्हणजे तो अधिकाधिक वेगाने फिरायला हवा. पण आजवर सापडलेला सर्वांत वेगवान स्पंदक सेकंदाला ७१६ फेऱ्या मारतो, आणि तारा फुटून जाण्याची मर्यादा याच्या बरीच वर आहे. कोण लगाम लावतं? लार्स बिल्डस्टन यांनी १९९८ मध्ये मांडलं की द्रव्याने दिलेली फिरकी गुरुत्वीय लहरी काढून नेत असाव्यात आणि दोन्हींचा समतोल होत असावा. तसं असेल तर जितकं द्रव्य पडतं तितकी लहर जोरदार, आणि मग स्को एक्स-१ पहिल्या नंबरावर येतो.

अडचण ही की तो किती वेगाने फिरतो हेच कुणाला माहीत नाही. शिवाय द्रव्याचा ओघ कमीजास्त होतो तसा वेगही थोडा भरकटतो. या ताऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमुख पद्धतींपैकी एक २००८ मध्ये मांडली गेली, त्या लेखाचे पहिले लेखक पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर. वेगवेगळ्या वेळच्या आणि वेगवेगळ्या वेधशाळांच्या नोंदींचे तुकडे जोडीजोडीने एकमेकांशी ताडून बघायचे आणि जोडीतलं अंतर किती ठेवायचं ते हाताशी असलेल्या संगणकाच्या बळावर ठरवायचं, ही त्यामागची कल्पना. भरकटणाऱ्या वेगाचा माग काढायला मेलबर्न विद्यापीठातल्या गटाने वेगळी पद्धत बांधली. तिसऱ्या सत्राच्या नोंदीत काही वारंवारतांवर, काही गृहीतकं धरून, समतोलाच्या अपेक्षेखाली मजल मारता आली. तिथेही लहर दिसली नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिली लहर अशा ताऱ्याची निघेल, ज्याचं नावही आज कुठल्या यादीत नाही.

नोंदीत खोटी शिखरं येत नाहीत का?

भरपूर येतात, आणि या कामातला मोठा वेळ त्यांच्या मागावर जातो. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथल्या नोंदीत ६० वर ठसठशीत रेघ असते. खेकड्याची लहर ५९ च्या पुढे, म्हणजे तिच्या अगदी शेजारी. आरसे ज्या काचेच्या तंतूंवर टांगलेले असतात ते ५०० हर्ट्झच्या आसपास गुणगुणतात.

काही रेघांचा माग काढणं म्हणजे पोलिसी तपासच. २०१५ च्या सुमाराच्या नोंदीत दर एक हर्ट्झला एक, अशा कंगव्याच्या दातांसारख्या रेघांची रांग दिसत होती. शोधता शोधता मूळ सापडलं ते वेळ जुळवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवरच्या लुकलुकणाऱ्या एलईडी दिव्यांत. दिव्याची उघडझाप होताना विजेचा ओढा किंचित बदलायचा, आणि तेवढा बदल अतिसंवेदनशील नोंदीत उमटायचा. त्या यंत्रणेची आज्ञावली बदलून लुकलुक बंद केली गेली.

खऱ्या-खोट्याची एक चाचणी मला फार आवडते. संशयित शिखर घ्यायचं आणि पृथ्वीच्या गतीची दुरुस्ती मुद्दाम काढून टाकायची. शिखर आकाशातलं असेल तर ते मोडून पडतं. उलट आणखी उंच झालं, तर मूळ इथेच जमिनीवर आहे.

उद्या एक सापडली तर ती खरी हे कसं ठरेल?

टकरीची लहर एकदा येऊन जाते, ती पुन्हा ऐकता येत नाही. सतत लहरीचं तसं नाही. पुढच्या वर्षाची नोंद घेतली की ती तिथेच, ठरलेल्या दराने मंदावलेली सापडली पाहिजे. नोंद वाढेल तसा तिचा ठसा गडद व्हायला हवा. सगळ्या वेधशाळांत ती आपापल्या संवेदनशीलतेच्या प्रमाणात दिसली पाहिजे. आणि जागा इतकी अचूक मिळेल की रेडिओ आणि क्ष-किरण दुर्बिणी त्याच ठिपक्याकडे वळवता येतील.

आणि सापडली तर कळेल काय?

न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात द्रव्य कुठल्या अवस्थेत असतं, हा पन्नासहून अधिक वर्षं रेंगाळलेला प्रश्न. पृथ्वीवरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत तेवढी घनता दीर्घकाळ टिकवता येत नाही. लहरीच्या जोरावरून डोंगर कळेल, डोंगरावरून कवच किती ताण सोसते ते कळेल, आणि रेडिओ स्पंदनं व लहर यांचा ताल किती जुळतो यावरून कवच आणि गाभा एकत्र फिरतात की वेगवेगळे, हेही उलगडेल. शिवाय वर्षानुवर्षं ऐकता येणारी लहर मिळाली तर आइनस्टाइनच्या सिद्धांताची परीक्षा घ्यायला कायमचं साधन मिळेल.

जून २०२३ मध्ये पुण्याजवळच्या जीएमआरटीने गुरुत्वीय लहरी शोधल्याचं वाचलं होतं. त्या याच का?

नाही. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी त्या संशोधनात होत्या, आणि ते मोठं काम होतं. पण त्या लहरींचं एक आंदोलन पुरं व्हायला काही वर्षं लागतात आणि त्यांचा उगम बहुधा दीर्घिकांच्या मध्यभागी असलेल्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांत असावा. तिथे स्पंदक घड्याळांसारखे वापरले होते, लहर त्यांची नव्हती. इथे लहर सोडणारा खुद्द न्यूट्रॉन तारा आहे आणि ती सेकंदाला शेकडो वेळा हलते.

हिंगोलीतल्या लायगो-इंडियाचा या शोधाला काय उपयोग?

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात चार किलोमीटर बाहूंची वेधशाळा व्हायची आहे. केंद्राने तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मध्ये दिली, २,६०० कोटी रुपयांच्या पूर्ण प्रकल्पाला मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था त्यात आहेत.

बातम्यांत सांगतात की औंढ्यामुळे टकरींची आकाशातली जागा नेमकी कळेल. ते बरोबरच आहे. सतत लहरींना मात्र जागेसाठी तिची गरज नाही, ते काम पृथ्वीची प्रदक्षिणा करून देते. इथे फायदा दुसरा आहे. दोन सारख्या वेधशाळांना तिसरी मिळाली की पकड साधारण २२ टक्क्यांनी वाढते, आणि एखादी बंद असली तरी नोंद तुटत नाही. आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. औंढ्याच्या नोंदीत विजेची रेघ ५० वर येईल आणि खेकड्याच्या शेजारचा ६० हर्ट्झचा गोंगाट तिथे नसेल.

मला घरबसल्या यात भाग घेता येईल का?

येईल, आणि जरूर घ्या. आइनस्टाइन ॲट होम हा उपक्रम फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाला. जर्मनीतली हॅनोवरची माक्स प्लांक संस्था त्यात पुढे आहे. बॉइंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं की तुमचा संगणक मोकळा असताना नोंदीचा एक तुकडा उतरवून घेतो, चाळतो आणि निकाल परत पाठवतो. याच स्वयंसेवकांच्या संगणकांनी २०१० मध्ये अरेसिबो दुर्बिणीच्या रेडिओ नोंदीतून एक नवा स्पंदक शोधला. पुढे फर्मी दुर्बिणीच्या नोंदींतून गॅमा किरणांचे स्पंदकही याच पद्धतीने मिळाले.

पायथन ही संगणकाची भाषा येत असेल तर याच्याही पुढे जाता येईल. लायगोच्या झालेल्या सत्रांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत आणि पायएफस्टॅटसारखी साधनं फुकट मिळतात. मी विद्यार्थ्यांना सुचवतो की खऱ्या ताऱ्याच्या मागे लागण्याआधी कृत्रिम स्पंदक शोधा. आपल्या पद्धती चालतात की नाही हे तपासायला वेधशाळेचे आरसे लेझरने अगदी किंचित ढकलून काही खोट्या लहरी मुद्दाम नोंदीत घातलेल्या असतात आणि त्यांची माहिती जाहीर असते. त्यांतला "पल्सार ३" नावाचा एक १०८.८ हर्ट्झच्या जरासा वर आहे आणि चांगला जोरदार आहे. आधी पृथ्वीच्या गतीची दुरुस्ती न करता पाहा, मग करून पाहा. तो नीट उभा राहिला की खेकड्याची फाइल उघडा.